आधीचं झालं की मग पुढचं

गेल्या चवथीला भाची घरी आली होती. माटोळी बांधून झाली होती, घुमट काढून ठेवलं होतं आणि आरतीला अजून अर्धा तास होता. ती पुण्याच्या एका संशोधन संस्थेत असते. तेवढ्या वेळात तिने लॅपटॉप उघडला आणि काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप केली. उत्तरादाखल एक आकडा आला. तो आकडा तिने पुढच्या ओळीत घातला, पुन्हा नवा आकडा आला, तो त्याच्या पुढच्या ओळीत. अशा चार ओळी झाल्या आणि तिने झाकण मिटलं.

"झालं काम?" मी विचारलं.

"झालं कुठे मामा, आता सुरू होईल. पहिलं रात्रभर चालेल. ते संपलं की दुसरं आपोआप लागेल, मग तिसरं, मग चौथं."

"आणि पहिलंच बिघडलं तर?"

"तर बाकीची थांबून राहतील. आफ्टरओके लिहिलंय ना."

आरतीत माझं लक्ष नव्हतं. आफ्टर आणि ओके असे दोन साधे शब्द, मध्ये जागा न सोडता चिकटवलेले. म्हणजे 'आधीचं झालं की' एवढंच नव्हे, 'आधीचं नीट झालं की'. यंत्राला हा फरक कळायला लागला कधी? नंतर जमेल तसं वाचत गेलो. त्यातलं हे थोडं.

आधी मांडणी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. क्लस्टर म्हणजे शेकडो, कधी हजारो संगणक एकमेकांना जोडून केलेला समूह. वापरणारेही शेकडो, त्यामुळे कुणी थेट यंत्रावर बसत नाही. आपलं काम एका फाईलीत लिहायचं, किती प्रोसेसर हवेत आणि किती वेळ हवा ते सांगायचं आणि रांगेत टाकायचं. रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला शेड्युलर म्हणतात. त्याने दिलेला आकडा हा आपल्या कामाचा टोकन नंबर. दुसऱ्या कामाला पहिल्या कामाचा निकाल लागत असेल, तर दुसरं टाकताना पहिल्याचा टोकन नंबर सांगायचा. भाची करत होती ते एवढंच.

रांगेची कल्पना मात्र क्लस्टरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांच्या लोकांनी आयबीएम ७०४ साठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक काम संपलं की माणसाची वाट न बघता पुढचं काम आत घ्यायचं, एवढंच तो करायचा. यंत्र इतकं महाग होतं की दोन कामांमधली मिनिटंही परवडत नव्हती. आपल्याकडे १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला आणि १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६००. मुंबईच्या त्या यंत्रावर देशभरच्या संस्थांची कामं चालत. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि नंतर केव्हातरी छापील कागद घ्यायला यायचं. निकाल पाहून दुसरा गठ्ठा द्यायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे 'आधीचं नीट झालं का' हा प्रश्न यंत्राला कुणी विचारतच नव्हतं. तो माणसाच्या डोक्यात होता, किंवा गठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीत.

तो प्रश्न कार्डावर आला आयबीएमच्या सिस्टिम ३६० बरोबर. यंत्राची घोषणा १९६४ ची. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमला हुकूम देण्यासाठी जेसीएल नावाची भाषा केली होती. या प्रकल्पाचे प्रमुख फ्रेड ब्रूक्स यांनीच पुढे तिला जगातली सर्वांत वाईट संगणकभाषा ठरवलं, आणि ती आपल्याच देखरेखीखाली झाली हेही कबूल केलं. मोठा माणूस! पण याच वाईट भाषेत एक मोलाची गोष्ट होती. प्रत्येक पायरी संपताना एक आकडा मागे ठेवायची. शून्य म्हणजे सगळं ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे मोठी चूक, १६ म्हणजे बोंब. चाराच्याच पटीत का, तर त्या यंत्रावर उडी मारण्याची सूचना चार बाइटांची असे. आकडा थेट पत्त्यात मिळवला की बरोबर ठिकाणी पोचता येई.

पुढच्या पायरीने हा आकडा तपासायचा तो 'कॉण्ड' या शब्दाने, आणि इथे पिढ्यान् पिढ्या लोक फसले. कारण कॉण्डमध्ये लिहायची अट ही पायरी चालवण्याची नाही, गाळण्याची. शिवाय तुलनाही उलटी. 'कॉण्ड=(४,एलटी)' याचा अर्थ: चार हा आकडा आधीच्या निकालापेक्षा लहान असेल, तर ही पायरी करू नकोस. एकदा सावकाश वाचा, मग पुन्हा वाचा. सरळ 'जर-तर' लिहायची सोय कित्येक वर्षांनी आली. पण त्याच कॉण्डमध्ये आणखी दोन शब्द होते, ईव्हन आणि ओन्ली. ईव्हन म्हणजे आधीची पायरी कोसळली तरीही ही चालव. ओन्ली म्हणजे आधीची कोसळली असेल तरच ही चालव, बहुधा सांडलेलं आवरायला. आज शेड्युलरांत आफ्टरओके, आफ्टरएनी आणि आफ्टरनॉटओके असे जे तीन शब्द आहेत, त्यांचे आजोबा इथे कार्डांवर बसलेले दिसतात.

हे झालं एकाच कामाच्या आतल्या पायऱ्यांचं. वेगवेगळी कामं एकमेकांत गुंतवायची तर? याचं उत्तर गणितातून आलं, आणि त्यामागे पाणबुडी होती. अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पात हजारो कामं होती, कशावर काय अवलंबून याचं जाळं होतं. त्यासाठी १९५७-५८ मध्ये पर्ट ही पद्धत निघाली. असली जाळी यंत्राने ओळीने कशी लावावीत, यावर आर्थर कान यांनी १९६२ मध्ये एक छोटा लेख लिहिला. युक्ती स्वयंपाकघरातल्या कुणालाही सुचेल अशी आहे. प्रत्येक कामापुढे लिहायचं, याच्या आधी किती कामं व्हायची आहेत. ज्यापुढे शून्य आहे ते उचलायचं. ते झालं की त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक कामाच्या आकड्यातून एक वजा करायचा. कुणाचा शून्य झाला की त्याची पाळी. काही कामं उरली आणि कुणाचाच शून्य होत नाही, असं झालं तर समजायचं की कुठेतरी चक्र आहे. नेवरीला सारण हवं आणि सारणाला नेवरी हवी, असं कुणीतरी लिहून ठेवलंय.

१९७० च्या दशकात आयबीएमच्या जेईएस३ या व्यवस्थेत हे जवळजवळ जसंच्या तसं उतरलं. 'नेट' नावाचं एक कार्ड असे. त्यावर या कामाच्या आधी किती कामं आहेत तो आकडा, आणि हे संपल्यावर कुणाला मोकळं करायचं त्यांची नावं. आधीचं काम नीट संपलं तर काय आणि कोसळलं तर काय, हे दोन वेगळे रकाने. प्रत्येकात तीन पर्याय: आकड्यातून एक वजा कर, अडकवून ठेव, किंवा सगळंच काढून टाक. मुद्दाम काही सांगितलं नाही तर नीट संपल्यावर वजाबाकी आणि कोसळल्यावर अडकवणं. संशय असेल तर थांब, हा शहाणपणा त्या कार्डात तेव्हाच होता.

दरम्यान बेल लॅबमध्ये एक वेगळीच गंमत झाली. १९७६ ची गोष्ट. स्टीव्ह जॉन्सन हे स्ट्युअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत चिडून आले. सबंध सकाळ त्यांनी एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त केलेली होती. फक्त ती दुरुस्त फाईल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. फेल्डमन यांनी त्यावर 'मेक' लिहिला. कशापासून काय बनतं ते लिहून ठेवा, काय जुनं झालंय ते मी बघतो, असा त्याचा खाक्या. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत, यावरून आजही लोक वैतागतात. फेल्डमनना ते खटकलं होतं, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांना त्रास नको म्हणून तसंच राहू दिलं! २००३ मध्ये एसीएमने मेकसाठी त्यांना पुरस्कार दिला, टॅबसकट.

मेक मात्र मुळात एका यंत्रापुरता. अनेक यंत्रांची रांग सांभाळण्याची निकड सर्वांत आधी ज्यांना भासली त्यांत नासाचं कॅलिफोर्नियातलं एम्स केंद्र होतं. तिथे १९८० च्या दशकात एनक्यूएस आणि १९९१ पासून पीबीएस अशा दोन व्यवस्था तयार झाल्या. आज जगभर तोंडी असलेला 'क्यूसब' हा हुकूम याच घराण्यातला. 'क्यूसब -डब्ल्यू डिपेंड=आफ्टरओके:४७११ दुसरं.एसएच' असं लिहिलं, की ४७११ नंबरचं काम शून्य देऊन संपेपर्यंत दुसरं रांगेत अडकून राहतं.

सगळ्यांनी हा बारकावा घेतला असं नाही. ग्रिड इंजिन हा जर्मनीत जन्मलेला शेड्युलर २००० मध्ये सन कंपनीने विकत घेतला आणि विद्यापीठांत तो फार चालला. त्यात 'होल्ड-जेआयडी' हा पर्याय होता. पण तो फक्त 'संपलं का' एवढंच विचारतो, कसं संपलं ते विचारत नाही. अपवाद एकच. आधीच्या कामाने मुद्दाम १०० हा आकडा दिला तर पुढचं अडतं. मला हे संयोजकाने कीर्तनकारांना 'कार्यक्रम झाला का' एवढं विचारून मानधनाचं पाकीट देण्यासारखं वाटतं. कीर्तन कसं झालं हे विचारायचंच नाही.

२००२ च्या सुमारास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत स्लर्म सुरू झाला. आज जगातल्या मोठमोठ्या महासंगणकांत तो आहे, आपल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतल्या परम शिवाय, परम ब्रह्म या यंत्रांतही आहे. भाची लिहीत होती ती भाषा याचीच. 'एसबॅच --डिपेंडन्सी=आफ्टरओके:' आणि पुढे टोकन नंबर. हे नाव एका व्यंगचित्र मालिकेतल्या शीतपेयाचं आहे. आयबीएमच्या गंभीर आद्याक्षरांनंतर एवढं चालायचंच.

पण मला सर्वांत आवडलेली शाखा वेगळी आहे. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लिट्झकाउ, लिव्हनी आणि मुटका या तिघांनी एक लेख लिहिला. विद्यापीठातल्या टेबलांवरचे संगणक रात्री, जेवणाच्या वेळी, सुट्टीत नुसते बसून असतात. ते हेरून त्यांच्यावर कामं पाठवायची आणि मालक परत आला की गुपचूप काढून घ्यायची, अशी व्यवस्था त्यांनी केली. नाव काँडोर, म्हणजे वरून घिरट्या घालत सावज शोधणारं गिधाड. २०१२ मध्ये ट्रेडमार्कच्या भांडणामुळे त्याचं नाव एचटीकाँडोर करावं लागलं. भांडणारी कंपनी होती फिनिक्स सॉफ्टवेअर, आणि आयबीएमने जेईएस३ पुढे चालवायला दिलं तेही याच कंपनीला. रांगांचं जग तसं लहानच.

काँडोरमध्ये माणसाच्या लहरीवर यंत्र जाणार-येणार, त्यामुळे काम मध्येच तुटणं हा तिथे अपघात नव्हता, रोजचा व्यवहार होता. म्हणून त्यांचा गुंतलेल्या कामांचा कारभारी, डॅगमॅन, जरा निराळ्या स्वभावाचा निघाला. त्याला एक साधी फाईल द्यायची: 'जॉब अ', 'जॉब ब', 'जॉब क', आणि 'पॅरेंट अ चाइल्ड ब क'. आईबापांआधी मुलं नाहीत, एवढंच व्याकरण. एखादं काम पडलं तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा ते 'रिट्राय'ने सांगता येतं. आणि तरीही नाहीच जमलं, तर तो जे काही करता येण्यासारखं आहे ते सगळं उरकून घेतो, मग एक 'रेस्क्यू' फाईल लिहून थांबतो. तिच्यात कोणकोणती कामं पुरी झाली त्याची नोंद असते. दुरुस्ती करून पुन्हा तीच आज्ञा दिली की जिथून तुटलं तिथून पुढे. दहा हजार कामांतली नऊ हजार झालेली असतील, तर ती पुन्हा करायला लागत नाहीत. आणि हा कारभारी स्वतःही काँडोरच्या रांगेतलं एक कामच असतो. तो मेला तर काँडोर त्यालाच उठवून उभा करतो.

हे कुठे लागतं त्याचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. गुरुत्वीय लहरींची चाहूल कशी ओळखायची, यावर पुण्याच्या आयुकात संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये एक पायाभूत लेख लिहिला. अशी लहर कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि प्रत्येक नमुना यंत्राच्या गोंगाटावर ठेवून जुळतो का बघायचा. ऐकायला सोपं. पण १४ सप्टेंबर २०१५ ला, आपल्या वेळेप्रमाणे दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी, अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांना ती लहर खरोखर लागली तेव्हा नमुने सुमारे अडीच लाख होते. (त्या वर्षी चवथ तीन दिवसांवर होती.)

लहर आली ते काही मिनिटांत कळलं. ती खरी की योगायोग, हे ठरवायला मोठं गणित लागलं. दोन यंत्रांत अंतर तीन हजार किलोमीटर, म्हणजे खरी लहर दोन्हीकडे फार तर १० मिलिसेकंदांच्या फरकाने पोचणार. मग एका यंत्राची नोंद मुद्दाम ०.१ सेकंदाने सरकवायची आणि पुन्हा जुळणी बघायची. आता जे जुळेल ते निव्वळ योगायोगाने. असं सुमारे एक कोटी वेळा सरकवून १६ दिवसांच्या नोंदींतून ६ लाख ८ हजार वर्षांचा योगायोग मोजला, आणि एवढी ठळक जुळणी एकदाही सापडली नाही. शोध जाहीर झाला ११ फेब्रुवारी २०१६ ला.

या मोजणीत नोंदी गोळा करणं, नमुने करणं, तुकड्यातुकड्यावर ते ठेवून बघणं, दोन यंत्रांच्या जुळण्या काढणं, सरकवणं, ग्राफ काढणं अशी एकावर एक बसलेली असंख्य कामं होती. पायसीबीसी नावाच्या प्रणालीत हे जाळं पेगॅसस हा प्रोग्राम आखतो आणि डॅगमॅन ते काँडोरवर चालवतो. आयुकातला 'सारथी' हा क्लस्टर लायगोच्या कामासाठीच आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ते यंत्र उभं राहील तेव्हा त्याच्या नोंदीही अशाच जाळ्यांतून जातील.

इथे भाचीच्या प्रश्नाकडे परत येतो, म्हणजे तिच्या जुन्या दुखण्याकडे. ते तिने मला नेवऱ्या खाता खाता सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिने असाच चार कामांचा माग लावला होता, आफ्टरओके घालूनच. ग्राफ छान आले. दोन महिने तिने त्यावर लिहिलं, गाईडना दाखवलं, एका परिषदेला सारांश पाठवला. मग एक दिवस सहज फाईलीचा आकार पाहिला तर अर्धाच. पहिलं काम डिस्क भरल्यामुळे मध्येच तुटलं होतं.

मग दुसरं लागलं कसं? कारण पहिल्या कामाच्या फाईलीत शेवटची ओळ तिने हौसेने लिहिली होती: 'संपलं' असं छापून दाखवणारी. शेल स्क्रिप्टचा निकाल म्हणजे तिच्या शेवटच्या हुकमाचा निकाल. गणित कोसळलं, पण स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर गेली आणि 'संपलं' हा शब्द मात्र अगदी व्यवस्थित छापला गेला. निकाल शून्य. शेड्युलरने शून्य पाहिलं आणि दुसरं काम सोडलं. त्याच्या दृष्टीने सगळं ओके होतं. सारांश मागे घ्यावा लागला. कुणी रागावलं नाही, पण तिला ते अजून बोचतं.

१९६४ पासून आजवर या सगळ्या खटाटोपात बदललं काय, तर विचारणारा. उत्तर अजून त्या एका आकड्यातच आहे, आणि तो आकडा प्रोग्राम स्वतःच स्वतःबद्दल सांगतो. म्हणून आता तिच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' असतं, म्हणजे एक हुकूम चुकला की तिथेच थांब. शिवाय प्रत्येक कामाच्या शेवटी ती फाईलीतल्या ओळी मोजते. आकडा जमला नाही तर ती स्वतःच एक हा निकाल देऊन बाहेर पडते. डॅगमॅनवाले याच कामासाठी 'पोस्ट' स्क्रिप्ट लावतात. गोव्याच्या आयआयटीत महासंगणन मोहिमेचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे शिकणाऱ्या आपल्या पोरांना आफ्टरओके पहिल्या दिवशी शिकवलं, तर ही ओळी मोजायची गोष्टही त्याच दिवशी शिकवावी असं मला वाटतं.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. रात्री ओल्या कपड्यांनीच तिने लॅपटॉप उघडला. पहिलं काम झालेलं, दुसरं झालेलं, तिसरं पडलेलं. चौथ्यापुढे स्लर्मने लिहिलं होतं 'डिपेंडन्सी-नेव्हर-सॅटिस्फाइड', म्हणजे याची पूर्वअट आता कधीच पुरी होणार नाही. ते तसंच रांगेत बसून होतं, कुणी उठवेपर्यंत बसलंच असतं.

"पडलं ना गं," मी म्हटलं.

"हो. ओळी कमी आल्या," ती म्हणाली. तिसऱ्याला दुप्पट वेळ मागून तिने ते पुन्हा टाकलं, चौथं रद्द करून नव्या आकड्याला बांधलं, आणि केस पुसायला टॉवेल मागितला.